अडीच टनी ट्रकच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

ट्रक आला. तीन तासांचा रस्ता होता आणि ब्रेकची खात्री विकणाऱ्यालाही नव्हती, म्हणून ट्रेलरवर लादून आणला. ब्रेकचं त्यानं स्वतःहून आधीच सांगितलं, हे मला आवडलं.

गाडी एम-३५ए२. अमेरिकन लष्कराचा अडीच टनी ट्रक, सहाच्या सहा चाकांना जोर, पुढे दोन आणि मागे आठ असे दहा टायर. इथे अमेरिकेत त्याला नुसतं 'ड्यूस' म्हणतात. अडीच टन हा आडरानातला माल. पक्क्या रस्त्यावर त्याच गाडीला दहा हजार पौंडांची, म्हणजे साडेचार हजार किलोची मुभा आहे. रिकामी गाडीच सहा टनांच्या घरात जाते. केबिनमधल्या पट्टीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि साल, एएम जनरल, १९७१ असं कोरलंय. तिच्या शेजारी दुसरी छोटी पट्टी आहे, टेक्ससच्या रेड रिव्हर आर्मी डेपोतल्या ओव्हरहॉलची. ती पाहून जीव जरा भांड्यात पडला. एकदा तरी ही गाडी पूर्ण उघडून बांधलेली आहे.

घ्यायचं कारण लाकूड. लॅन्सिंगजवळच्या आमच्या बारा एकरांत निम्मी झाडं अ‍ॅशची, आणि जवळपास सगळी वाळलेली. पाचूच्या रंगाच्या, बोटाच्या पेराहून लहान भुंगेऱ्याची अळी सालीखाली पोखरते. अमेरिकेत हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो इथेच, मिशिगनमध्ये, २००२ साली. उभी वाळलेली झाडं घरावर आणि वाटेवर पडायच्या आत काढायला हवीत. पिकअप चिखलात रुतते आणि ट्रॅक्टर नवा घेणं परवडत नाही.

रात्री मिरजेला फोन केला. अप्पांची एसटीत बत्तीस वर्षं गेली, सगळी डेपोच्या वर्कशॉपात. त्यांनी फोटो मोठे करून करून पाहिले. "म्हणजे डिस्पोजलची, लष्करानं काढून टाकलेली गाडी घेतलीस," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "इंजिनाला हात लावू नकोस अजून. आधी ब्रेक बघ. चालू होऊन काय करायचंय, थांबायला पाहिजे."

७ एप्रिल, रविवार

पावसात फेरी मारून पाहणी. टायरच्या कडांना बारीक तडे, पण नक्षी भरपूर. हौद्याच्या तळाला डाव्या कोपऱ्यात गंज, बोटभर भोक. ताडपत्री गेलेली. पाटे सगळे शाबूत. मधल्या अ‍ॅक्सलच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ. ब्रेक ऑइल असेल किंवा सीलमधून आलेलं गिअर ऑइल, बोटानं कळेना.

१३ एप्रिल, शनिवार

बॅटऱ्या. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. आधीच्या मालकानं रेडिओसाठी त्यातल्या एकीवरून सरळ १२ व्होल्ट काढले होते. जुन्या लष्करी गाड्यांत ही चूक फार दिसते. एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी सतत जास्त भरलेली, म्हणून दोन्ही अकाली मरतात. रेडिओ काढला, जोडी नवी घातली. पुढे १२ व्होल्टची गरज लागलीच तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घालीन.

वायरिंगबद्दल मात्र कौतुकानं लिहिते. प्रत्येक वायरीच्या टोकाला धातूची पट्टी आणि पट्टीवर नंबर. पुस्तकातल्या नकाशात तोच नंबर. ५३ वर्षांनी, रंग उडालेल्या वायरींच्या गुंत्यात मी मागच्या दिव्याचा दोष वीस मिनिटांत शोधला. माझ्या रोजच्या गाडीत हेच काम करायला कंपनीचा संगणक लागतो. लष्कराची ही पुस्तकं कुणालाही मोफत वाचता येतात. चालवणाऱ्याचं वेगळं, मेकॅनिकचं वेगळं, मोठ्या दुरुस्तीचं वेगळं, ग्रीसचा तक्ता वेगळा. एकोणीस वर्षांच्या नवख्या सैनिकाला समजावं अशा बेतानं लिहिलेली आहेत, आणि खरोखर समजतात.

गाडीला किल्ली नाही. एक खटका वर करायचा आणि सेल्फचं बटण दाबायचं, कुणीही चालू करू शकतं. शेजारची मुलं इथे खेळायला येतात, म्हणून स्टेअरिंगला साखळी-कुलूप आणि बॅटरीला कट-ऑफ आजच बसवला.

२० एप्रिल, शनिवार

इंजिन. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, टर्बो, १४० च्या आसपास अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या इंजिनाला आजच्या हिशेबानं हा आकडा फार कमी. टर्बो बसवला तोही ताकदीसाठी नव्हे, धूर कमी करायला. शत्रूला दुरून काळा ढग दिसू नये म्हणून.

याचं नाव मल्टिफ्यूएल. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, आणि अडचणीच्या वेळी पेट्रोलसुद्धा. मूळ कल्पना जर्मनीच्या मान कंपनीची. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटीसारखा खळगा असतो आणि इंधन हवेत उडवण्याऐवजी त्या वाटीच्या भिंतीवर पातळ थरात फवारतात. थर तापून वाफ होईल तसतसं जळतं. त्यामुळे इंधन कसंही असलं तरी भडका एकदम उडत नाही.

मानचं नाव निघाल्यावर अप्पा एकदम खुलले. आपल्या लष्कराचा शक्तिमान ट्रक याच मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनत होता. त्यांच्या उमेदीच्या काळात ऊस आणि लाकूड ओढायला डिस्पोजलचे शक्तिमान यायचे, दुरुस्तीला मिरजेच्या गॅरेजांत उभे असायचे. "चढाला कुरकुर नाही, पण पार्टसाठी माणूस रडायचा," ते म्हणाले. इकडे नेमकं उलटं आहे. एम-३५ इतक्या प्रचंड संख्येनं बनले की पार्ट अजून मिळतात, पेटीबंद, मेणकागदात गुंडाळलेले, वर १९८० च्या दशकातली तारीख.

ऑइलची कांडी काढून वास घेतला. डिझेलचा. थेंब टिश्यू कागदावर टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट कडं पसरलं. ही या इंजिनाची ठरलेली खोड. डिझेल पंपाचं हायड्रॉलिक हेड, म्हणजे सिलिंडरांना डिझेल वाटणारा भाग, झिजलं की डिझेल आतल्या आत चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. हेड महाग आहे आणि चांगलं बसवणारे हात कमी. ऑइल बदललं, जवळपास वीस लिटर लागलं. कांडीवर खूण केली. दर शनिवारी पातळी बघायची. वाढली तर पंप काढायचा.

सेल्फ मारला. दुसऱ्या खेपेला धडधडली आणि मग टर्बोची ती उंच शिट्टी. शिट्टी ऐकायला गोड, पण बोनेटपाशी दहा मिनिटं उभं राहिल्यावर कान बधिर झाले. कानातले बोळे केबिनमध्ये ठेवले.

४ मे, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

घरामागचा उतार तळ्याकडे जातो. लो रेंज, पहिला गिअर, माणसाच्या चालीनं गाडी उतरवत होते. नुसता ब्रेकचा अंदाज घ्यायचा होता. पहिल्यांदा पेडल दाबलं, गाडी थांबली. सोडलं, पुन्हा चार हात पुढे गेले, पुन्हा दाबलं. पेडल पायाखालून निघून गेलं. कुठेही अडलं नाही, सरळ फळीला टेकलं. दुसऱ्यांदा पंप केलं, तरी तेच.

गिअर काढला नाही, हे एक बरं केलं. इंजिनाच्या जोरावर गाडी तशीच हळूहळू उतरत होती. हातब्रेक ओढला. या गाडीचा हातब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या शाफ्टवर एकच ड्रम असतो. तो घट्ट होता. बंद करण्याची दोरी ओढली, इंजिन थांबलं आणि गाडी जागेवर उभी राहिली. तळं वीस पावलांवर होतं. खाली उतरून चाकांना ओंडके लावले आणि तिथेच गवतावर बसले. गुडघे थरथरत होते.

मधल्या अ‍ॅक्सलच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल धारेनं गळत होतं. परवाचा ओघळ तोच. व्हील सिलिंडरचं रबर फाटलं होतं. एक सिलिंडर फाटला आणि सहाही चाकांचे ब्रेक गेले, कारण या ट्रकच्या ब्रेकला सर्किट एकच. पायाखाली एक मास्टर सिलिंडर, त्याला हवेच्या दाबाची मदत, आणि तिथून एकच ओळ सगळीकडे. कुठेही एक नळी गंजून फुटली, एक रबर फाटलं, तर पुढचे-मागचे सगळे एका क्षणात संपले. आजच्या कुठल्याही गाडीत दोन वेगळी सर्किटं असतात.

अप्पांना लगेच सांगितलं नाही. रात्री सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग, "गिअर काढला नाहीस ना?" "नाही." "बरं. आता सगळी चाकं उघड. एकाच चाकाचं करून भागणार नाही. एक फाटलंय म्हणजे बाकीचीही त्याच वयाची आहेत."

१८ मे, शनिवार

चाकं उघडायला घेतली. मागच्या जोडचाकाला दुहेरी नट असतात. बाहेरचा सहाकोनी, दीड इंची. तो निघाला की आत पोकळ बोल्टासारखा दुसरा, त्याचं टोक चौकोनी. आतल्यानं आतलं चाक धरलेलं, बाहेरच्यानं बाहेरचं.

डाव्या बाजूला सुरुवात केली. पान्याला पाच फुटी पाइप लावला, पूर्ण अंगभार टाकला. नट हलेना. गंजतेल मारलं, अर्धा तास थांबले, पुन्हा लोंबकळले. पाइप वाकायला लागला. व्हिडिओवर अप्पा बघत होते. "थांब. स्टडाचं टोक पूस." चिंधीनं पुसलं. गंजाखालून बारीक, खोलवर ठोकलेलं इंग्रजी एल अक्षर वर आलं. डावीकडचे आटे उलटे. तासभर मी प्रत्येक नट आवळत होते. पाइप दुसऱ्या बाजूला लावला, जोर दिला, बंदुकीसारखा आवाज झाला आणि नट सुटला.

चाक निघालं तरी ब्रेक दिसत नाहीत. या मॉडेलात ड्रम हबच्या आतल्या बाजूला आहे. म्हणून आधी अ‍ॅक्सल शाफ्ट ओढून काढायचा, मग बेअरिंगचा बाहेरचा नट, टॅबचा वायसर, आतला नट, आणि मग हब-ड्रम एकत्र जॅकवर तोलून बाहेर घ्यायचं. एका माणसाच्या आवाक्यातलं वजन नव्हे. शेजारचे काका आले. पंचाहत्तरीचे आहेत, तरुणपणी दोन वर्षं लष्करात अशाच ट्रकांच्या मोटर पूलमध्ये होते. ते म्हणाले की त्यांच्याकडे हे काम चार जण मिळून करायचे.

मला वाटतं, डिस्पोजलच्या ट्रकाबद्दलची मुख्य गोष्ट इथेच आहे. ट्रक स्वस्त मिळतो. तो ज्या व्यवस्थेसाठी बांधला ती व्यवस्था त्याच्याबरोबर मिळत नाही. पुस्तकात गाडी काढण्याआधी काय बघायचं, चालवताना काय, उभी केल्यावर काय, आठवड्याला, महिन्याला, सहा महिन्यांना काय, असे पानंच्या पानं तक्ते आहेत. त्यामागे ड्रायव्हर होता, मेकॅनिकांची तुकडी होती, आणि त्यांच्याही मागे रेड रिव्हरसारखा अख्खा डेपो. माझ्याकडे शनिवार आहे आणि काका आहेत.

२ जून, रविवार

तीन चाकं झाली, तीन बाकी. सहाही व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि सगळ्या लोखंडी नळ्या नव्या घालायच्या ठरवल्या. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. आधीचा मालक तिथेच चालवत होता. नळ्यांचा गंज हातानं खरवडला तर पापुद्रे निघतात.

खर्च आजवर: ट्रक ५,५०० डॉलर, वाहतूक ६००, बॅटऱ्या ४४०, ऑइल-फिल्टर १८०, ब्रेकचं सामान ६५०. त्यात आज दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरची किट मागवली, ती वेगळी. घेताना मी पार्टचा अंदाज बांधला होता, हत्यारांचा नव्हता. पाऊण इंची ड्राइव्हचे सॉकेट, बेअरिंग नटाचा पाना, २० टनी जॅक, जाड स्टँड. घरातली माझी हत्यारं या गाडीपुढे खेळण्यातली ठरली. ज्याला असा ट्रक घ्यायचाय त्यानं गाडीच्या किमतीइतकेच पैसे बाजूला ठेवूनच बोलणी करावीत, असं माझं मत झालंय.

१५ जून, शनिवार

ब्रेक पूर्ण झाले. दुहेरी मास्टर बसला, आता पुढचं आणि मागचं वेगळं. ब्रेक ऑइल सिलिकॉनचं, डॉट-५, लष्कर वापरायचं तेच. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीत सिलिंडर आतून गंजत नाहीत. पण साध्या डॉट-३ मध्ये ते मिसळून चालत नाही, म्हणून जुन्याचा थेंब न ठेवता सगळं नवं केल्यावरच भरलं.

हवा काढायला दोन तास लागले. मी चाकाखाली, काका पेडलवर. बाटलीत नळी बुडवून निपल उघडायचा. आधी बुडबुडे, मग बुडबुड्यांमध्ये अंतर पडतं, मग एकसंध जांभळी धार. सिलिकॉन ऑइलमध्ये बारीक हवा अडकून राहते, म्हणून रात्रभर ठेवून उद्या पुन्हा काढणार.

पेडल आता वरच पकडतं, दगडासारखं. त्याच उतारावर जाऊन सात वेळा थांबवून पाहिली.

२९ जून, शनिवार

रंगाचा विचार सोडला. हौद्याचा गंज घासून रंगवायचा बेत होता. पण १९८० च्या दशकापासून लष्करी गाड्यांवर रासायनिक हल्ल्यातून धुऊन काढता येईल असा खास रंग असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. खालच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकतं. ग्राइंडर लावणार नाही. गंजलं तेवढंच ओलं ठेवून हातानं खरवडलं, मास्क लावून, आणि वर पत्र्याचं ठिगळ बोल्टनं बसवलं. दिसायला बरं नाही, पण टिकेल.

१३ जुलै, शनिवार

ऑइलची पातळी तीन आठवडे स्थिर. पंप तूर्त वाचला.

मल्टिफ्यूएल आहे म्हटल्यावर लोक हमखास सांगतात, गॅरेजचं जळकं ऑइल गाळून घाल, फुकटात चालेल. चालतं, हे खरं. पुष्कळ जण चालवतात. मी घालणार नाही. ज्या पंपाचं हेड ही या गाडीची सगळ्यात महागडी दुखरी नस, त्याच पंपातून दुसऱ्याच्या इंजिनाचा लोखंडी कीस फिरवायचा हे मला पटत नाही. शिवाय धूर. तो या गावातल्याच हवेत जातो.

डिझेलवर लिटरला चार किलोमीटर जेमतेम पडतात. टाकी १९० लिटरची. भरून आणताना पोटात गोळा येतो. पण मी वर्षाला पाचशे किलोमीटरसुद्धा चालवणार नाही, त्यामुळे हा तोटा माझ्यापुरता लहान आहे. रोज कामावर न्यायला कुणी असा ट्रक घेत असेल तर त्याच्यासाठी हाच पहिला आणि शेवटचा आकडा.

३ ऑगस्ट, शनिवार

पहिल्यांदा रस्त्यावर.

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते. स्वस्त आहे, पण अट अशी की गाडी प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचे कार्यक्रम आणि दुरुस्तीनंतरची चाचणी एवढ्यालाच बाहेर काढायची. अपवाद ऑगस्ट. ऑगस्टचा महिनाभर ती साध्या गाडीसारखी चालवता येते. म्हणून मी गेले तीन महिने या तारखेवर डोळा ठेवून होते. लाकडाचं काम आपल्याच जमिनीत, त्याला प्लेटचा प्रश्न नाही. विमा मात्र नेहमीच्या दोन कंपन्यांनी नाकारला, शेवटी जुन्या गाड्यांचा वेगळा विमा घेतला. कागद सरळ होते, कारण लष्करातून निघताना मिळणारा सरकारी एसएफ-९७ फॉर्म आणि त्यावरून झालेलं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, आधीच्या मालकाकडे होतं. त्याशिवाय मी हात लावला नसता.

लॅन्सिंगला आर. ई. ओल्ड्स संग्रहालयापर्यंत नेली. या ट्रकाचं माहेर ते गाव आहे. रॅन्सम ई. ओल्ड्स यांनी ओल्ड्समोबिल सोडल्यावर आपल्या नावाच्या आद्याक्षरांनी रिओ ही कंपनी तिथे काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नवा अडीच टनी हवा झाला तेव्हा १९४९-५० मध्ये हे डिझाइन रिओनं दिलं. जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरचा ट्रकही त्याच वेळी लष्करात आला होता. तो मागे पडला आणि रिओचा साधा, हातगिअरचा टिकला. कंपनी पुढे डायमंड रिओ झाली आणि १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ट्रक इतर कारखान्यांत बनत राहिले, १९९० च्या दशकात तर जुन्यांनाच कॅटरपिलरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर घालून लष्करानं आणखी वापरले.

रस्त्यावरचा अनुभव: पुस्तकातला कमाल वेग ताशी ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. मी ७० च्या पुढे गेले नाही. इंजिन २,६०० फेऱ्यांच्या वर गेलं तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, अशी याची ख्याती आहे. उतारावर गिअर खाली टाकताना म्हणून जिवाचा कान करावा लागतो. गिअर सहज पडावेत म्हणून असलेले सिंक्रो झिजलेत, प्रत्येक गिअर डबल क्लचनं, म्हणजे क्लच दोनदा दाबून. स्टेअरिंगला पॉवर नाही. पार्किंगमध्ये वळवताना सीटवरून उठून ओढावं लागलं. केबिनमध्ये ऊन, डिझेल आणि तापल्या रबराचा वास. हायवे टाळला, गावातल्या रस्त्यांनी दीड तास. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घेऊन सोडत होते.

पोचल्यावर हात खांद्यापासून भरून आले होते. गेटपाशी उभी केली आणि शिट्टी उतरत उतरत बंद झाली, तेव्हा मला रडू आलं. त्याचं कारण शोधत बसले नाही. अप्पांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "हब तापलेत का हात लावून बघ." पाहिले. सहाही कोमट, सारखे.

२४ ऑगस्ट, शनिवार

मंडळाकडून विचारणा, गणपतीच्या मिरवणुकीला ट्रक मिळेल का, हौद्यात ढोलपथकाची मुलं बसतील. मूर्ती नेईन म्हटलं. मुलं नाही. हौद्यातली बाकं लाकडी, पट्टे नाहीत, कडा उंच नाहीत. सव्वादोन महिन्यांपूर्वी बसवलेल्या ब्रेकवर माझा विश्वास आहे, पण तो माझ्यापुरता. दुसऱ्याच्या मुलांना त्यावर बसवणार नाही. ऐकणाऱ्याला थोडं लागलं. पुन्हा विचारलं तरी हेच सांगीन.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

झेंडूचा हार पुढच्या ग्रिलला आणि हळदकुंकू बोनेटवर. एक लिंबू पुढच्या चाकाखाली. पाने आणि टॉमी पाटावर मांडून त्यांनाही. काकांनी टोपी काढून हात जोडले. मग कामाला.

पावसानं तळ्याकडची वाट लोण्यासारखी झालेली. पिकअप जिथे एप्रिलमध्ये दारापर्यंत रुतली होती तिथून, पुढच्या अ‍ॅक्सलचा हवेचा खटका दाबून, लो रेंजमध्ये, हौदाभर अ‍ॅशचे ओंडके घेऊन ट्रक वर आला. घाई नाही, चाक घसरणं नाही. एक्सलरेटरला पाय जेमतेम टेकलेला होता. बारा फुटी हौदा, चार खेपा, चार वेळा काठोकाठ. वर्षभराचं जळण एका दिवसात घरामागे येऊन पडलं. एवढ्या पैशात दुसऱ्या कुठल्याही गाडीनं हे केलं नसतं, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं.

त्रास एकच, हौदा छातीएवढा उंच. प्रत्येक ओंडका तिथवर उचलायचा. फाळका उघडून दोन फळ्यांचा उतार केला आणि ओंडके दोरानं ओढून चढवले, तरी संध्याकाळी पाठ वाकेना.

कोल्हापूरहून मावसभावाचा मेसेज आला, डिस्पोजलचा ट्रक घेऊ का. त्याला लिहिलं: आधी कागद बघ. मग खाली झोपून ब्रेकच्या नळ्या बघ. गाडी उभी करायला पक्कं छप्पर आणि जवळ एक तरी माणूस आहे का ज्यानं ही गाडी उघडली आहे, ते बघ. रंग आणि इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उणे नऊ. या इंजिनाला थंडीत सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग नाहीत. हवेच्या नळीत एक छोटी ज्योत पेटवून आत जाणारी हवा तापवायची सोय आहे. खटका वर, सेल्फ, ज्योतीचा 'हुफ्' असा दबका आवाज, पांढरा धूर, आणि सात-आठ सेकंदांनी एकेक सिलिंडर पकडत गेला. दहा मिनिटं तशीच चालू ठेवली.

हवेच्या टाक्यांतलं पाणी थंडीत रोज काढायचं. ते नळीत गोठलं तर ब्रेकला हवेची मदत मिळत नाही आणि सहा टन नुसत्या पायावर थांबवावे लागतात. गाडीखाली सरपटून टाकीचा नळ उघडला. आधी पाणी, मग राखाडी फेस, मग कोरडी हवा. नळ बंद केला.

बाहेर येताना मधल्या अ‍ॅक्सलच्या उजव्या ड्रमखाली बर्फावर तांबूस डाग दिसला, रुपयाएवढा. बोटाला घेऊन वास घेतला. गिअर ऑइल, ब्रेकचं नव्हे. आतलं सील. दोन मागवलीत. पुढच्या शनिवारी काका सकाळी आठला येतो म्हणालेत.